शंकेला पाच वाजताची पाळी

सकाळी उठल्यावर अंगणात अनवाणी शंभर पावलं. मोजून. नव्व्याण्णवला कुणी हाक मारली तर पुन्हा पहिल्यापासून.

पाणी बसून प्यायचं. घोट घोट.

मोटारसायकलला किक मारण्याआधी डावा हात पोटावर. चार आकड्यांत श्वास आत, सहा आकड्यांत बाहेर. असं पाच वेळा.

जेवताना फोन उलटा.

दोघंजण बोलताना हसले, की तिकडे बघायचं नाही. जवळ जे हिरवं दिसेल त्याकडे बघायचं. घाणेरीचं झुडूप असलं तरी चालेल.

दिवसातून एकदा कुणाचं तरी तोंडावर कौतुक. खोटं नको. हे सगळ्यांत जड गेलं.

आणि संध्याकाळी पाच वाजता गुऱ्हाळामागच्या बाभळीखाली पंधरा मिनिटं एकट्यानं बसायचं.

ह्या म्हाळू कोकरेच्या सवयी. वय अठ्ठावन्न. गाव वडगाव रासाई, तालुका शिरूर. काम भीमेच्या पुलापलीकडे, दौंड तालुक्यात, एका गुऱ्हाळावर. त्यानं ह्या सवयी कार्तिकात धरल्या आणि माघापर्यंत एकही दिवस चुकवल्या नाहीत. त्या लागू पडल्या. हे आधी सांगायला हवं, कारण आता ते कुणी मान्य करत नाही.

म्हाळूचं घराणं मेंढरांमागचं. तो चौदा वर्षांचा असताना त्यांचा कळप नदीपलीकडच्या एका उसाच्या रानात खतासाठी बसवला होता. शेजारी गुऱ्हाळ चालू होतं. म्हाळू वासाच्या मागे तिकडे गेला आणि कळप पुढे हलला तरी परत आला नाही. बाप लोकांना सांगायचा, "मेंढरू हारवलं तर हुडकता येतं. आमचं पोरगं गुळाला चिकटलं."

चिकटला तो कायमचा. आधी चिपाडं वाळवली, मग जाळ घातला, मग मळी काढली, आणि तिशीच्या आत गुळव्या झाला. कढईतल्या उसाच्या रसाचा गूळ कधी झाला, हे ठरवतो तो गुळव्या. घाई केली तर ढेप बसत नाही. उशीर केला तर गूळ जळतो. म्हाळू उकळत्या पाकाचा थेंब पाण्यात टाकायचा, बोटांनी गोळी वळायचा आणि ती पितळी तांब्याच्या काठावर मारून कान द्यायचा. टक्क वाजलं की म्हणायचा, "उतरवा." तीस वर्षं ह्या एका शब्दाशिवाय कढई हलली नाही. मालक बदलले. आधीचा मालक गेला, त्याचा पोरगा दत्ता आला. शब्द म्हाळूचाच राहिला.

त्याच्या हाताखाली पप्पू. वरवंडचा, चौतिशीचा. अकरा वर्षं म्हाळूच्या शेजारी उभा. तोंड सतत चालू. गूळ, राजकारण, मेव्हण्याची गाडी, कशावरही बोलायचा आणि स्वतःच आधी हसायचा. गोळी आता त्यालाही कळायला लागली होती. म्हाळूनं "उतरवा" म्हणायच्या आधी पप्पूचा हात कढई उचलायच्या साखळीकडे गेलेला असायचा.

तिथून सुरू झालं.

गेल्या वर्षी भाद्रपदात गूळ काळा पडू लागला. लागोपाठ आठ कढया. म्हाळूनं मळी वर आणणारा भेंडीचा रस वाढवला, जाळ कमी केला, कढई दोनदा घासून घेतली. गूळ काळाच. दत्ता फोनवर दुसऱ्या गुऱ्हाळांच्या पिवळ्या ढेपांचे फोटो दाखवायचा. बोलायचा काहीच नाही. फोटो दाखवायचा आणि फोन खिशात टाकायचा.

म्हाळूची झोप गेली. जेवणातली चव गेली. चहाचा कप हातात धरून बसायचा आणि चहावर साय धरायची. दाढी आठ-आठ दिवस वाढलेली. पूर्वी पुलावर गाडी आली की शीळ घालायचा, ती बंद झाली. गुऱ्हाळावर परप्रांतातली चार माणसं होती. ती आपसांत हिंदीत बोलून हसली, की म्हाळूला वाटायचं, आपल्यावर. पप्पू त्यांच्यात जाऊन बसला, की म्हाळूला वाटायचं, ठरलं ह्यांचं. मग एके दिवशी मनात स्पष्टच आलं. पप्पू कढईत काहीतरी टाकतोय. आपला हात गेला असं मालकाला वाटावं म्हणून.

त्यानं ते मनात ठेवलं नाही. सगळ्यांसमोर पप्पूची कॉलर धरली आणि दुसरा हात त्याच्या खिशात घातला. हातात चुन्याची डबी आणि तंबाखूची पुडी आली.

पप्पू हलला नाही. म्हणाला, "आण्णा, खिसा तपासायचा व्हता तर काल सांगायचं. मी चड्डी बी धुऊन आणली आसती."

चारीजण हसले. दत्ताही हसला. मग हसू आवरून म्हणाला, "आण्णा, ऊस कालव्याखालच्या खारवट रानातला हाय. आज सकाळी कळलं मला. खारवट उसाचा गूळ काळाच व्हतो. तुम्हाला हे म्हाईत नसावं?"

म्हाळूला ते माहीत होतं. तीस वर्षांपासून माहीत होतं. आठ कढयांत एकदाही आठवलं नव्हतं.

"एक सांगतो," दत्ता म्हणाला. "वडलांच्या वेळेपासून तुम्ही हायात, म्हणून आत्ता सोडतो. पुन्हा कुणाकडं बोट दाखवलं तर कढईला हात लावायचा न्हाई. चिपाडं वाळवा. सुरुवात तिथनंच केली व्हती ना?"

म्हाळूकडे दुसरं काही नव्हतं. रान दोन एकर, तेही भावानं केलेलं. मूलबाळ नाही. बायको सोजराबाई आणि कढई. त्यातली कढई जाणार होती.

त्याच्या धाकट्या भावाची मुलगी प्रगती नर्सिंग शिकलेली. केंदूरच्या बाजूला आरोग्य उपकेंद्रात नोकरीला. रविवारी गावी आली, तेव्हा सोजराबाई तिच्यापुढे रडली. प्रगतीनं त्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी एक बारीक गोळी दिली आणि रोजच्या सवयी लावायला सांगितल्या. घरी आल्यावर प्रगती ओट्यावर त्याच्यासमोर बसली.

"आण्णा, शंका येती का मनात?"

"येती म्हंजी? ऱ्हायलाच आलीया."

"किती वेळ असती?"

"भाडं न भरता चोवीस तास."

प्रगती हसली. मग तिनं विचारलं, "कालव्याचं पाणी आपल्या रानाला कवा येतं?"

"पाळी आली की."

"मधीच कुणी दार उचललं तर?"

"पाटकरी सोडतो व्हय त्याला? दंड लावतो."

"मग शंकेला बी पाळी लावायची. रोज पाच ते सव्वापाच. तेवढ्या वेळात बसून मनापासून शंका घ्यायची. पप्पूवर घ्या, शेठवर घ्या, माझ्यावर घ्या. बाकी टायमाला दार खाली. सकाळी दहाला आली तरी तिला म्हणायचं, तुझी पाळी पाचला हाय."

म्हाळूला हे पटलं. तोवर पुष्कळांनी त्याला सांगितलं होतं की शंका घेऊ नका. ते त्याला जमत नव्हतं. पाण्याला वाहू नको असं म्हणून भागत नाही. पाळी मात्र जन्मभर बघितलेली होती.

"आजून एक," प्रगती म्हणाली. "हातानं तपासण्यासारखं आसंल ते तिथंच तपासायचं. गॅस बंद हाय का, कडी लावली का. त्याला पाळी न्हाई. पाळी फकस्त माणसांवरच्या शंकेला."

"व्हय," म्हाळू म्हणाला.

पहिल्या दिवशी पाच वाजता तो बाभळीखाली बसला, तेव्हा शंकांनी नुसती गर्दी केली. पंधरा मिनिटं पुरली नाहीत. आठवड्यानंतर निम्म्या शंका पाचपर्यंत टिकेनाशा झाल्या. सकाळी डोंगराएवढी वाटलेली गोष्ट संध्याकाळी आठवेना. एकदा तर तो पंधरा मिनिटं बसून होता आणि एकही आली नाही. तो एकटाच हसला. पप्पूनं लांबून विचारलं, "आण्णा, कोण आलंय भेटायला?"

"कोणच न्हाई."

"मग हसताय कुणाला?"

"कोण आलं न्हाई म्हणूनच."

महिन्याभरात त्याची भूक परतली. सोजराबाई शेजारणीला सांगायची, "दोन भाकरी खाल्ल्या आज. वर भात मागितला. त्या बाभळीला नारळ फोडनार हाय मी." दाढी रोज होऊ लागली. पुलावर शीळ सुरू झाली. गूळही पिवळा उतरू लागला, कारण आता ऊस चांगल्या रानातला होता. म्हाळूनं स्वतः जाऊन उसाची माती बघायला सुरुवात केली होती. नवीन काहीतरी करावं असं त्याला वाटायला लागलं होतं. सुंठ घातलेल्या गुळाच्या छोट्या वड्या पाडून बघितल्या. दत्तालाही त्या आवडल्या.

एके दिवशी कौतुकाची सवय पुरी करायची होती. म्हाळू पप्पूजवळ गेला, घसा खाकरला आणि म्हणाला, "तुझी गोळी माझ्यापरीस बरी वळती."

पप्पू गप्प झाला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मग म्हणाला, "आण्णा, ताप-बिप हाय का?" पण दुसऱ्या दिवशी डब्यात अनितानं, पप्पूच्या बायकोनं, म्हाळूसाठी शेंगदाण्याची पोळी वेगळी बांधून दिली होती.

त्या दिवसांत कुणी म्हाळूला बघितलं असतं, तर आपणही ह्या सवयी लावून घ्याव्यात असं बघणाऱ्याला वाटलं असतं.

हातानं तपासायचं, हेही त्यानं पाळलं होतं. कढई उचलायला वर लोखंडी तुळई, तुळईला चेनपुली, साखळीला दोन आकडे. एकेक आकडा कढईच्या एकेका कानात बसतो. तो निसटू नये म्हणून त्याच्या तोंडाशी बोटाएवढी लोखंडी पिन असते. म्हाळू रोज सकाळी दोन्ही पिना बोटांनी चाचपायचा. आकडा हलवून बघायचा. भट्टीचं दार ओढून बघायचा. त्यात काही चूक नव्हतं. तीस वर्षांपूर्वी सगळेच गुळवे असं करायचे.

पण ही माणसं आता त्याला ओळखत होती. खिशात हात घालणारा म्हातारा. तो आकड्याशी वाकला की हिंदी बोलणाऱ्यांतला एक दुसऱ्याला ढोसायचा. एकानं त्याचा व्हिडिओ काढला, मागे सिनेमातलं गाणं टाकलं आणि सगळ्यांना पाठवला. व्हिडिओवर लिहिलं होतं, "सीआयडी आण्णा". तो वडगावपर्यंत पोहोचला. टपरीवर एकानं म्हाळूला चहाचा कप देताना म्हटलं, "आण्णा, कप तपासून घ्या. इख-बिख आसंल."

पुण्याहून दोन व्यापारी गूळ बघायला आले, त्या दिवशी दत्तानं त्याला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल एवढंच.

"आण्णा, गिऱ्हाईक उभं ऱ्हातं आन् तुम्ही साखळ्या चाचपत बसता. बघणाऱ्याला वाटंल गुऱ्हाळ मोडायला आलंय. ते तुमचं पाच वाजताचं कायतरी हाय ना? त्यात टाका की हे समदं."

सगळे हसले. म्हाळूही हसला. हसण्यावारी न्यायला तो आता शिकला होता.

आणि त्यानं ते त्यात टाकलं. पिना, आकडे, भट्टीचं दार, सगळं पाचच्या पाळीत गेलं. पाचला तो बाभळीखाली बसून मनातल्या मनात पिना आठवायचा आणि त्या ठीक वाटायच्या. प्रगतीला हा बदल त्यानं कळवला नाही. तिच्या दृष्टीनं त्याची तब्येत उत्तम होती. तिनं उपकेंद्रात दोन बायकांनाही पाळीचा उपाय सांगितला होता.

माघातला बुधवार. म्हाळू साडेसातला गुऱ्हाळावर पोहोचला. कढईपाशी पप्पू उकिडवा बसला होता, डाव्या आकड्याशी. हातात पक्कड. म्हाळू दिसताच त्यानं पक्कड खिशात सारली आणि ओशाळल्यासारखा हसला.

"लवकर आलासा आण्णा."

म्हाळूनं बघितलं. डाव्या आकड्याला पिन नव्हती. पिनेच्या जागी बांधकामाची बारीक तार दोन वेढे देऊन पिळली होती.

डावा कान म्हाळूचा. कढई उतरताना तो तीस वर्षं त्याच कानाशी उभा राहत आला होता. मनात एकदम आलं, आकडा निसटणार. माझ्या अंगावर. ह्यानं ठरवून केलंय.

त्याचा हात तारेकडे गेला. अर्ध्या वाटेत त्याला दिसलं, दत्ता दारातून बघतोय. दत्ताच्या मागे त्या चौघांतले दोघंजण उभे होते. त्यांतल्या एकाच्या हातात फोन होता.

हात परत आला. म्हाळूनं तो पोटावर ठेवला. चार आकड्यांत आत. सहा आकड्यांत बाहेर. ही शंका माणसावरची आहे, त्यानं स्वतःला समजावलं. पप्पूचं नाव आलं म्हणजे हा आपला जुना आजार. तुझी पाळी पाचला.

शंका खरोखरच खाली बसली. त्याला बरं वाटलं. थोडा अभिमानही वाटला. मागच्या वर्षी त्यानं कॉलर धरली असती.

पहिली कढई नऊला उतरली. म्हाळू डाव्या कानाशी उभा होता. तार टिकली. त्याला हसू आलं.

दुसरी कढई साडेअकराला तयार झाली. गोळी टक्क वाजली. म्हाळू म्हणाला, "उतरवा." आणि चालत उजव्या कानाकडे गेला.

पप्पूनं बघितलं. "आण्णा, आज तिकडं?"

"धूर येतोय हिकडं."

वारा नव्हता. पप्पू डावीकडे आला आणि म्हाळूच्या जागेवर उभा राहिला. साखळी ओढली गेली. कढई कलली. तार उलगडली.

पाणी अंगावर पडलं तर भाजतं आणि निथळतं. पाक निथळत नाही. पप्पू छातीपासून खाली पाकात होता. त्याला ओढून काढणाऱ्यांचे हातही भाजले. कुणी पाण्याची बादली ओतली, कुणी ओतू नका म्हणून ओरडलं. दत्तानं गाडी आणली. दार उघडलं, आत बघितलं आणि म्हणाला, "आधी सीटवर पोतं टाका रे."

गाडीत म्हाळू पुढे बसला होता. मागून पप्पू म्हणाला, "आण्णा, तुम्हाला न्हाई ना लागलं?"

म्हाळू म्हणाला, "न्हाई."

पुण्याच्या हॉस्पिटलमध्ये पप्पूला आत नेलं. अनिता दुपारी पोहोचली. जळीत वॉर्डाबाहेरच्या बाकावर ती एका टोकाला बसली, म्हाळू दुसऱ्या टोकाला. पाच वाजता म्हाळूच्या फोनचा गजर वाजला. त्याला तो बंद करता येईना. गजर वाजत राहिला. शेवटी अनितानं त्याच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.

पप्पू पाचव्या दिवशी गेला.

मग बोलणं सुरू झालं. कामगारांच्या मुकादमाला त्यांच्यातल्या एकानं सांगितलं, "आण्णा ने सुबह तार देखा था. हाथ लगाने गया, फिर रुक गया." दुसऱ्यानं सांगितलं, की आण्णा रोज डावीकडे असतो, त्या दिवशी उजवीकडे गेला. दोन वाक्यं. एवढी पुरेशी होती. दहाव्याच्या विधीला नदीवर म्हाळू उभा होता, त्याच्या आजूबाजूची जागा मोकळी झाली. टपरीवर तो गेला की बोलणारे थांबायचे. आता ते खरोखर त्याच्याबद्दलच बोलत होते. मागच्या वर्षीचा खिशाचा प्रसंग नव्यानं सांगितला जाऊ लागला. पप्पूचा विनोद त्यातून गळला. आता त्या गोष्टीत म्हाळू म्हणायचा, "तुला बघतो." तसं तो कधी म्हणाला नव्हता.

गावाच्या शंकेला पाळी नव्हती. तिचं दार कायम उघडं होतं.

प्रगती रविवारी आली. ओट्यावर त्याच जागी बसली. मग म्हणाली, "मी सांगितलं व्हतं ना आण्णा? हातानं तपासायचं ते तिथंच."

"सांगितलं व्हतंस."

"मग?"

"हसायचे," म्हाळू म्हणाला.

जाताना बारीक गोळ्यांचं नवीन पाकीट ठेवून गेली. ते त्यानं फोडलं नाही.

दोन दिवसांनी अनिता आली. बरोबर तिचा भाऊ. दारातच उभी राहिली. सोजराबाईनं पाट मांडला, तिनं तो पायानं बाजूला सारला.

"आण्णा, एकच सांगा. तार बघितली व्हती?"

"बघितली."

"कवा?"

"सकाळी. साडेसातला."

"मग बोलला का न्हाई?"

"पाच वाजता बघणार व्हतो."

तिला कळलं नाही. म्हाळूनं तिला पाळी समजावून सांगितली. शांतपणे, सगळी. पाटकऱ्यापासून बाभळीपर्यंत. ऐकता ऐकता अनिताच्या भावानं तोंड फिरवलं. सोजराबाई मध्येच रडायला लागली. "आजारी माणूस हाय बाई ते. त्यांच्यावर राग धरू नकू."

"माझा न्हवता आजारी," अनिता म्हणाली.

मग तिनं ज्यासाठी आली होती ते सांगितलं. पिन सोमवारीच तुटली होती. पप्पूनं तिच्यासमोर दत्ताला फोन केला होता. दत्ता म्हणाला होता, व्यापारी यायचेत, काम थांबवू नकोस, दोन दिवस तारेवर भागव. म्हणून पप्पू रोज सकाळी लवकर जाऊन तार नव्यानं पिळायचा. आता दत्ता म्हणतो, असा फोन झालाच नाही. पप्पूनं पिन हरवली, हलगर्जीपणा त्याचाच. कामगारांना त्यानं गावी पाठवून दिलंय. त्या सकाळी तार होती आणि मालकानं ती बघितली होती, हे सांगणारा एकच माणूस उरला होता.

"शेठ दारात व्हता ना तवा?"

"व्हता. माझ्याकडं बघत व्हता."

"तेवढं पोलिसात सांगा. मला तुमच्याकडनं दुसरं कायबी नगं. तुमचं तोंडबी बघायचं न्हाई मला. तेवढं सांगा."

"सांगतो," म्हाळू म्हणाला.

दत्ताला त्याचा वास लागला. दुसऱ्या दिवशी तो आला. सफरचंदं घेऊन आला. सोजराबाईला वहिनी म्हणाला.

"आण्णा, जबाबाला बोलावतील तुम्हाला. तुम्ही काय बघितलंच न्हाई. साधं, सोपं. कारण बघितलं म्हणालात तर पुढचा प्रश्न येतो, जागा का बदलली. आन् मग लोकं काय म्हणतात ते तुम्ही ऐकताच. मी कुणाला काय बोललोय का? उलट सांगतोय समद्यांना, म्हातारा तसा न्हाई. तुमच्या काळजीपोटी आलोय मी." उठताना म्हणाला, "कढई तुमची वाट बघतीया."

तो गेल्यावर सोजराबाईनं सफरचंदं टोपलीत भरून उकिरड्यावर टाकली. "खरं सांगून या," ती म्हणाली. "काय व्हईल ते व्हईल. आपल्याला कोण हाय मागं?"

सोमवारी म्हाळू चौकीत गेला. पांढरा सदरा घातला होता. बाहेरच्या बाकावर अनिता आणि तिचा भाऊ बसले होते. आत हवालदार कागदावर लिहून घेत होता. हवालदार वयानं लहान, आवाजानं बरा. त्यानं म्हाळूला खुर्ची दिली.

म्हाळू बोलला. न अडखळता बोलला. साडेसात वाजले होते. डाव्या आकड्याला पिन नव्हती, तार होती. मालक दत्ता दारात उभे होते, त्यांनी ती बघितली. मी हात पुढे केला, त्यांच्याकडे बघून मागे घेतला. पहिली कढई नऊला उतरली. हवालदार लिहीत होता आणि मधूनमधून वाचून दाखवत होता. अनिता दारापाशी येऊन उभी राहिली होती. महिन्याभरात पहिल्यांदा तिचे खांदे सैल झाले होते.

"दुसऱ्या कढईला तुम्ही उजव्या बाजूला होता?"

"व्हय."

"रोज डावीकडं असता."

"व्हय."

"मग त्या दिवशी का बदलली जागा?"

"धूर येत व्हता."

"वारा न्हवता असं दोघंजण सांगून गेलेत, आण्णा. गावी जायच्या आधी." हवालदारानं पेन कागदावरून उचललं. "बघा, हे नीट लिवायला लागंल. न्हाईतर कोर्टात वकील म्हणंल, ह्यानंच केलं आन् मालकावर ढकलतोय. मग वरचं बी कोण खरं धरनार न्हाई. काय लिहू? का गेला तिकडं?"

म्हाळू विचार करू लागला. खरं तेच सांगायचं होतं त्याला. तार त्यानं पाच वाजेपर्यंत ठेवली होती, हे खरं होतं. साडेअकराला ती त्याच्या मनात नव्हती, हेही खरं होतं. मन शांत होतं. शीळ घालावी इतकं शांत. आणि पाय चालत उजवीकडे गेले होते. पायांना तार माहीत होती का? माहीत होती तर त्यांनी पप्पूला का सांगितलं नाही? पप्पू आपल्या जागेवर येणार, हे पायांना माहीत नव्हतं का? अकरा वर्षं तो मोकळ्या जागेवर येत होता.

"आण्णा?"

"थांबा जरा," म्हाळू म्हणाला. "पाणी पिऊन येतो."

दारातून जाताना तो अनिताच्या अंगावरून गेला. ती बाजूला सरकली. बाहेर माठ होता. म्हाळू माठाजवळ थांबला नाही. गाडीजवळही थांबला नाही. रस्त्याला लागला आणि चालत नदीच्या दिशेनं गेला. अनिताच्या भावानं दोनदा हाक मारली.

तो आता घरात असतो. भिंतीकडे तोंड करून पडून असतो. सोजराबाई भाकरी कुस्करून पुढे ठेवते, कधी खातो, कधी नाही. प्रगती येते, बसते, जाते. गुऱ्हाळावर दुसरा गुळव्या आला आहे, आणि दोन्ही आकड्यांना नव्या पिना आहेत. हवालदाराचे तीन फोन येऊन गेले. अनिता दर सोमवारी चौकीत जाऊन विचारते, आला होता का.

जबाबाचा कागद फायलीत आहे. सव्वा पान भरलं आहे. शेवटची ओळ अशी आहे: मी त्या दिवशी डावी बाजू सोडून उजव्या बाजूला जाऊन उभा राहिलो, कारण

पुढे कागद कोरा आहे. खाली सही नाही.